सव्वा मूठ

भैरवीबेनने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. बरं झाल्यावर काय करायचं आहे? प्रश्न साधा होता, आणि साध्या प्रश्नाला आमच्या घराण्यात आजवर कुणी साधं उत्तर दिलेलं नाही.

छाया म्हणाली, कुणाचा हात न धरता बसमध्ये चढायचं आहे. तिला लहानपणी पोलिओ झालेला, पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, आणि दिवसभर घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं काम. सुकदेवबाबा विदर्भाकडचे, दोन्ही गुडघे झिजलेले. ते म्हणाले, संडासला बसल्यावर उठता आलं पाहिजे, बाकी देवाकडे मागणं नाही. मी म्हणालो, गुडघा वाकला तर बरं. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, सुताने भरलेला बीमचा जड रूळ माझ्या पायावर आला होता, आणि तेव्हापासून तो पाय विजेच्या खांबासारखा सरळ उभा होता. भैरवीबेनने मान डोलावली. हे सगळं तिला पाठ होतं.

मग शालिग्रामदादाची पाळी आली. दादा माझा चुलतभाऊ, आमच्या भावकीत सगळ्यात थोरला. लकव्याने त्याची उजवी बाजू गेलेली. शोभावहिनीने त्याला खांद्याला धरून आणून खुर्चीत बसवलं होतं.

"मूठ धरनी शे," दादा म्हणाला.

भैरवीबेनने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात छातीशी दुमडलेला होता आणि बोटं तळव्यात अशी रुतलेली की नखं कापायला वहिनीला सकाळचा अर्धा तास लागायचा.

"काका, मुठ्ठी तो बंध ज छे," ती म्हणाली. "आपणे तो खोलवानी छे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. ह्या बाईला सांग, असा त्याचा अर्थ होता. मी सांगायला बसलो, आणि त्या दिवशीची कसरत तिथेच संपली.

आता कानबाई काय ते खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण सुरतेत निम्मं आयुष्य ते सांगण्यातच जातं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची ही देवी घरोघर बसते. तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट करायचे. त्या रोटांचे गहू आदल्या दिवशी मोजायचे, तेही मापाने नाही, मुठीने. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा मुठी. एक भरलेली मूठ आणि वर पाव. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची सव्वा मूठ, आणि म्हातारा दात नसलेला असला तरी त्याचीही सव्वा. ही मूठ घराण्यातला थोरला धरतो. उजव्या हाताने, खाली पाटावर मांडी घालून. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, आणि पुनवेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला तुकडा मिळत नाही.

भैरवीबेनने सगळं ऐकून घेतलं. ती एका ट्रस्टची फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून तीन दिवस सकाळी डिंडोलीला आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर यायची. तिथे पत्र्याचा मांडव होता, भिंतीला आधाराचे पाइप ठोकलेले होते, आणि एका कोपऱ्यात गणपतीचं रिकामं मखर होतं. ती म्हणाली, कुणी दुसरा धरेल ना मूठ, घरात एवढे लोक आहेत.

तिथेच तर सगळं दुखणं होतं.

आदल्या वर्षी श्रावणातच दादा खात्यात लूमसमोर कोसळला. प्लेगला घाबरून पळालेली माणसं परत आली होती आणि महापालिका सुरत धुऊनपुसून काढत होती, ते वर्ष. मी दवाखान्यात व्हरांड्यात होतो. डॉक्टर म्हणाले, रात्र निघाली तर बघू. इकडे घरी मुठीचा दिवस. दादा नाही म्हणून त्याच्या पाठचा भाऊ योगराज पाटावर बसला. स्वतःची धरली, माझी धरली, पोरांच्या धरल्या. मग तो थांबला आणि विचारलं, "दादानी धरू का?" कुणी बोललं नाही. मूठ धरली आणि सकाळी माणूसच राहिला नाही तर त्याचा रोट कुणी खायचा? योगराजने परत विचारलं. परत कुणी बोललं नाही. आमचे लोक एरवी तासभर एकमेकांना बोलू देत नाहीत. योगराजने हात झटकले आणि उठला.

दादा वाचला. महिन्याने घरी आला. लोक बघायला येऊ लागले. कुणी सांगितलं कबुतराचं रक्त चोळा, कुणी सांगितलं चोळू नका, पाजा. ह्या सगळ्यात माझी आई, शांताबाई, दादाच्या खाटेशी बसली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी कौतुकाने म्हणाली, "तुनी मूठ बी धरेल नव्हती रे भो, तरी कानबाई मायनी तुले वाचाडं."

माझ्या आईचं मन चांगलं आहे. तोंडाबद्दल मी बोलत नाही.

दादाला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. योगराज दारात उभा होता, तो चप्पल घालून निघून गेला. दादाला जेव्हा पहिलं धड वाक्य बोलता आलं, ते हे होतं, "मले मरेल समजनात का रे?" आणि दुसरं हे, "यंदा मूठ मीच धरसू." भावाने आपल्याला जिवंत माणसांत मोजलं नाही, हे त्याला लकव्यापेक्षा जास्त लागलं होतं. वहिनी सांगायची, झोपेत रडायचा.

त्यानंतर योगराज महिन्या-दोन महिन्याला यायचा. येताना केळी आणायचा, उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक पाय. "बरं शे ना वयनी?" एवढं विचारून जायचा. दादाच्या जवळ कधी बसला नाही. दादाही बस म्हणाला नाही.

भैरवीबेनने दादाला खोटं काही सांगितलं नाही, ह्याबद्दल मला तिचं आजही कौतुक आहे. ती म्हणाली, पाय आधी येतो, हात सगळ्यात शेवटी येतो. कधी येतही नाही. तुम्ही चालाल. हाताचा शब्द देत नाही.

"चालीसन कोठे जानं शे?" दादा म्हणाला.

पण चालायला लागल्याशिवाय ती हाताला हात लावेना. मग काय करतो? चालला. आधी पाइप धरून, मग छायाची जुनी काठी घेऊन. आमची कसरत बघायला सुरुवातीला गर्दी व्हायची. खात्यातून रात्रपाळी सुटलेले लोक दात घासत उभे राहायचे. लंगडे, पांगळे, म्हातारे एका ओळीत उभे राहून एक पाय उचलताहेत, हे त्यांना फुकटातलं बरं वाटायचं. सुकदेवबाबांनी एकदा त्यांना आत बोलावलं आणि एका पायावर उभं राहायला सांगितलं. धडधाकट माणसं चिमणीसारखी टुणटुण उडायला लागली. मग गर्दी कमी झाली.

हाताच्या कसरतीसाठी लूमचे सुताचे रिकामे कोन आणले होते. पुठ्ठ्याचे, निमुळते. एक कोन उचलायचा, दुसऱ्यावर ठेवायचा. दादाच्या हातात कोन अडकवला की तो तिथेच राहायचा. सोडता यायचा नाही. एकदा कोन तसाच हातात घेऊन तो घरी गेला. रस्त्यात कुणीतरी विचारलं, "शालिग्रामभाऊ, खात्यावर लागनात का परत?" दादा हो म्हणाला.

वहिनी मात्र शिकली. भैरवीबेनने तिला दाखवलं की बोटं ओढायची नाहीत. ओढली की हात चिडतो, जास्त आवळतो. कोपराखाली आधार द्यायचा, मनगट हळूच खाली वाकवायचं, अंगठा बाजूला घ्यायचा आणि थांबायचं. थांबलं की बोटं सैल पडतात. मनगट वर उचललं की ती आपोआप मिटतात. वहिनी दादाचा हात धरून थांबलेली असली की मला बघवायचं नाही. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील, पण दादाच्या बारा तासांच्या पाळ्यांमध्ये ह्या दोघांनी एकमेकांचा हात कधी धरला असेल असं मला वाटत नाही.

आषाढ आला तोवर दादा चालत होता. इतकंच नाही, जमिनीवर बसत होता. भैरवीबेनला हे मांडी घालून बसणं आवडलं नव्हतं, पण दादा दुसरं ऐकेना, म्हणून तिने तेही शिकवलं. आधी स्टुलावर, मग विटांवर, मग पाटावर. उठताना डावा गुडघा टेकवायचा, डाव्या हातावर भार द्यायचा. पहिल्यांदा तो आधाराशिवाय पाटावरून उठला तेव्हा छाया टाळ्या वाजवायला लागली. सुकदेवबाबांनी तोंड फिरवलं. त्यांना अजून संडासाची चिंता होतीच.

हात मात्र होता तसाच. बाई खोटं बोलली नव्हती.

श्रावण लागला आणि भावकी जमली. सगळ्यांना प्रश्न दोन होते. एक मोठ्याने विचारायचा, एक कुजबुजत. मोठ्याने विचारायचा तो असा, की हातच उघडत नाही तर मूठ धरणार कशी? डावा हात चालत नाही. मग योगराजनेच धरावी का? योगराज स्वतः काही म्हणत नव्हता. आणि कुजबुजत विचारायचा तो असा, की दादाने मूठ धरलीच, तर योगराजची धरेल का?

ह्या दुसऱ्या प्रश्नाने योगराजची झोप उडाली. त्याची बायको रंजना दोनदा येऊन वहिनीला आडून आडून विचारून गेली. शेवटी तिने सरळ दादालाच विचारलं. पदर डोक्यावर घेऊन, जमिनीकडे बघत.

"भाऊजी, यास्नी मूठ धरश्यात ना?"

"तवय देखू," दादा म्हणाला. म्हणजे तेव्हाचं तेव्हा.

रंजनाने घरी जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी योगराज खात्यावर गेला नाही. पोट दुखतं म्हणाला. कुणाला हसू येईल, पण आमच्यात मूठ न धरलेला जिवंत माणूस म्हणजे ना घरचा ना घाटाचा. त्याने रोट खायचा की नाही, हेही कुठे ठरलेलं नाही, कारण तशी वेळ दादाआधी कुणावर आलीच नव्हती.

मुठीच्या दिवशी दादाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुरतेतली आमची सगळी माणसं, आणि पाचोऱ्याहून आलेले दोघे भाऊबंद. मधे पाट, पाटासमोर सुपात निवडलेले गहू, शेजारी पितळी ताट. दादा आला. काठी भिंतीला लावली, डावा हात टेकला, डावा गुडघा मोडला आणि पाटावर बसला. कुणी धरलं नाही. पाचोऱ्याच्या पाहुण्याने "वा!" म्हटलं, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टोपी नीट केली.

मग शोभावहिनी त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि तिने त्याचं कोपर हातात घेतलं.

"बाईना हात नई लागाले पाहिजे," कुणीतरी मागून म्हणालं. मागूनच म्हणतात असं.

"हात कोना शे?" दादाने विचारलं. "मना शे."

हे खरं होतं, पण पुरेसं होतं की नाही ह्यावर चर्चा सुरू झाली. ती माझ्या आईने थांबवली. "रोट कोन थापस?" ती म्हणाली. "बायाच ना? मंग गहूले हात लागना ते काय बुडस?" आईला वर्षभर स्वतःच्या त्या बोलण्याची टोचणी होती असं मला तेव्हा वाटलं. विचारलं तर कबूल करणार नाही.

वहिनीने मनगट खाली वाकवलं, थांबली. बोटं सैल झाली. हात गव्हात गेला. मनगट उचललं, बोटं मिटली, काही दाणे फटीतून गळाले. ताटावर नेऊन परत वाकवलं, परत थांबली. गहू पडले. मग पाव, त्यासाठी परत तेच.

"मनी," दादा म्हणाला. थोरल्याची पहिली असते.  आपण आहोत हे त्याने स्वतःच मोजून घेतलं.

दुसरी योगराजची असायला हवी होती. वयाने तोच पुढचा. योगराज भिंतीला टेकून बसला होता. त्याने नकळत पाठ सरळ केली.

"हिलालनी," दादा म्हणाला.

हिलाल म्हणजे मी. माझा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे मी पाय पसरून बसलो होतो, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागल्यावर तो पाय कुठे ठेवावा ते मला कळेना. माझी मूठ पडली, वर पाव पडली. मग पाचोऱ्याच्या पाहुण्यांची. मग पुढच्या पिढीची, मग पोरासोरांची, मग पुतण्या भूपेंद्रच्या चार महिन्यांच्या पोराची, जे तेव्हा जोरात रडत होतं. प्रत्येकाला दोनदा हात गव्हात. वहिनीच्या कपाळावर घाम आला होता. योगराजचं नाव आलं नाही. रंजना स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी होती.

पोरं संपली. पुरुष संपले. योगराज तेवढा राहिला.

खोलीत कुणी बोलेना. मला मागच्या वर्षीची खोली दिसली. मी तिथे नव्हतो, पण अशीच असणार. योगराजचं डोकं खाली गेलं होतं. त्याने उठायला एक हात जमिनीला टेकला.

दादाने वहिनीकडे बघून मान हलवली. वहिनीने मनगट वाकवलं. हात परत गव्हात गेला, भरला, वर आला, ताटावर आला. आणि तिथेच राहिला. वहिनीने वाकवलं, थांबली. बोटं हलेनात. ती पुन्हा थांबली. हात आणखी आवळला, दाणे आत करकरले.

"थकना हात," वहिनी म्हणाली.

हे खरं असू शकतं. एवढ्या मुठींनंतर धडधाकट माणसाचाही थकेल. पण खोलीतल्या एकाचाही विश्वास बसला नाही. मी रोज कसरतीला दादाच्या शेजारी उभा राहणारा माणूस, मला त्याच्या हाताचं सगळं माहीत, आणि मलाही आजपर्यंत सांगता येत नाही की तो हात थकला होता की रागावला होता. दादाला तरी माहीत होतं की नाही कुणास ठाऊक.

"हाई योगराजनी शे," दादा म्हणाला. "त्यालेच सांग उघाडाले."

योगराज गुडघ्यांवर सरकत आला. वहिनी बाजूला झाली. त्याने दादाची मूठ दोन्ही हातांत घेतली आणि बोटं उपटायला लागला, जशी लूमवर अडकलेली तार काढतात. हात दगड झाला.

"भाऊ, वढू नका," वहिनी म्हणाली. "वढं का जास्ती आवळस. कोपर धरा. आते थांबा."

योगराज थांबला. एका हाताने कोपर धरलेलं, एका हाताने मनगट. वर्षभर उंबऱ्याच्या पूर्ण आत न आलेला माणूस. आता त्याला जायला जागा नव्हती. तो थांबून राहिला, आणि थांबता थांबता त्याचा चेहरा वाकडा झाला.

"दादा, मी इचारं व्हतं," तो म्हणाला. "दोनदा इचारं. कोन्हीच बोलनं नई."

आम्ही सगळे सुपाकडे बघत होतो.

"मले माहीत शे," दादा म्हणाला. "तुन्या जागे मी ऱ्हातू, तं मी बी धरतू नई."

योगराजने वर पाहिलं. "मंग वरीसभर...?"

"वाईट वाटनं ना रे."

योगराज हुंदका देऊन रडला. चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, दोन पोरींचा बाप, डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून नाक तसंच वाहू देत रडला. दादाही रडत होता, पण लकव्यामुळे त्याचा अर्धाच चेहरा रडत होता, आणि दुसरा अर्धा आमच्याकडे शांतपणे बघत होता. कुणी घाई केली नाही. भूपेंद्रचं पोरही गप्प झालं. बऱ्याच वेळाने दादाचा अंगठा हलला, मग एक बोट, मग बाकीची, आणि घामाने ओले झालेले गहू ताटात पडले.

पाहुण्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी दळण न्यायला पिशवी शोधू लागलं. रंजनाने पदर सोडला. योगराज दादाचा हात खाली ठेवायला गेला.

"कोठे चालनास?" दादा म्हणाला. "पाव ऱ्हायनी."

"ऱ्हाऊ दे दादा. तुना हात दुखस."

"दुखू दे. सगळास्नी सव्वा शे."

योगराजने नाक खांद्याला पुसलं, मनगट नीट धरलं आणि भावाचा हात परत गव्हात नेला.